नहरी बुजण्याआधी त्या कागदावर आणा

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात तुम्ही राहत असाल, तर तुमच्या अंगणाखालून एखादी नहर, म्हणजे पाण्याची जुनी भुयारी वाहिनी, गेलेली असू शकते. बेगमपुऱ्यात असेल, पाणचक्कीच्या मागे असेल, हर्सूलच्या वाटेवर असेल. तिला चारशे वर्षं झाली असतील. ती कोरडी असेल किंवा तिच्यात आजही पाणी असेल. नेमकी कुठून कुठे गेली आहे, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या शेजाऱ्याला नाही, आणि उद्या सकाळी तुमच्या गल्लीत जेसीबी घेऊन येणाऱ्या माणसालाही नाही.

धोका इथेच आहे. आपल्या नहरी काळाने मोडल्या, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. काळाला चारशे वर्षांत जे जमलं नाही, ते गेल्या काही वर्षांत पोकलेनने केलं. पाया खणताना नहर लागते. मालक घाबरतो. काम थांबेल, सरकारी माणसं येतील, हप्ते चालू आहेत, भाड्याच्या घरात किती दिवस राहायचं? रात्रीत मुरूम टाकून तोंड बुजवलं जातं. सकाळी काँक्रीट पडतं. वरच्या बाजूला कुठेतरी पाणी तुंबतं, खालच्या बाजूची विहीर आटते, आणि का आटली हे कोणालाच कळत नाही. त्या मालकावर मी रागावत नाही. त्याच्या हातात नकाशा असता, तर त्याने पाया चार हात सरकवला असता. नकाशा नव्हता. तो आपण करायचा आहे.

आणि लवकर करायचा आहे. शहरात चहूकडे खोदाई सुरू आहे. रस्ते रुंद होत आहेत, ड्रेनेजच्या वाहिन्या पडत आहेत, पैठणहून येणाऱ्या पाण्यासाठी मोठमोठे पाइप जमिनीत जात आहेत. ही कामं व्हायलाच हवीत. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक चर खणताना एकदाच संधी असते. चर उघडा असतो तेव्हा आत काय आहे ते दिसतं. बुजला की दिसत नाही. म्हणून सांगते, आजपासून डोळे उघडे ठेवा.

या नहरींची सुरुवात करणारा मलिक अंबर हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडलं. जागा लष्करी दृष्टीने चांगली होती, पण पाण्याचं काय? भोवती खडक, उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी, आणि शहर वसवायचं हजारो माणसांचं. अंबरला पाणी कळत होतं. पुढे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत तलावाचा बांध फोडून त्याने मोगलांच्या छावणीत चिखल करून ठेवला. शहाजीराजे आणि शरीफजी त्या लढाईत त्याच्या बाजूने होते आणि शरीफजी तिथेच पडले. पाण्याने शत्रूला रोखणाऱ्या या माणसाने त्याआधीच आपल्या प्रजेसाठी डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणून ठेवलं होतं. पंधरा महिने आणि अडीच लाख रुपये, असा त्या कामाचा हिशोब परंपरेने सांगितला जातो. तीच नहर-ए-अंबरी.

तिची रचना नीट समजून घ्या, कारण समजली की तिला काय मारतं तेही समजेल. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर पडलेलं पाणी सगळंच वाहून जात नाही. भेगाळलेल्या खडकात आणि मुरमात ते मुरतं आणि रांजण पाझरावा तसं वर्षभर सावकाश पाझरत राहतं. अंबरच्या माणसांनी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटात शिरून हा पाझर गाठला. तिथून शहरापर्यंत दगडी बांधणीचा बोगदा आणला. काही ठिकाणी माणूस आत उभा राहू शकेल एवढा तो उंच आहे. वरच्या टप्प्यात भिंतींच्या सांध्यांतून आजूबाजूचं पाणी आत झिरपत येतं, त्यामुळे नहर नुसतं पाणी वाहून नेत नाही, वाटेत गोळाही करते. उतार इतका बेताचा की पाणी थांबत नाही आणि गाळ उसळतही नाही. ठरावीक अंतरावर आत उतरायला तोंडं आहेत, कारण बांधणाऱ्यांना माहीत होतं की गाळ काढावा लागणार. शहरात आल्यावर दगडी नाली, खापरी नळ आणि हौद यांच्या जाळ्यातून पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यात वाटलं जाई. मोटर नाही, वीज नाही, डिझेल नाही. नुसता उतार.

अंबर १६२६ मध्ये गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यामागे खडकीचं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद झालं, मोगलांचं दख्खनमधलं मोठं ठाणं झालं. माणसं वाढली तशा नहरी वाढल्या. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत लहानमोठ्या डझनभर नहरी या शहरात आल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद तुम्ही पाहिला असेल. पाणचक्की तर पाहिलीच असेल.

पाणचक्कीजवळ क्षणभर थांबू या. सतराव्या शतकाच्या अखेरीस बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ती उभी राहिली. सुमारे सहा किलोमीटरवरून डोंगराकडचं पाणी खापरी नळांतून येतं, उंच भिंतीत वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खालचं पातं फिरे, जातं फिरे आणि यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी, गोरगरिबांसाठी पीठ दळलं जाई. तो मोठा हौद म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली माणसांना बसायला गारवा. वीज न वापरता पाणी भिंतीवर कसं चढतं, असं मुलं तिथे हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. उगम त्या भिंतीच्या डोक्यापेक्षा उंचावर आहे आणि मधला नळ हवाबंद आहे. म्हणजे सहा किलोमीटरच्या वाटेत कुठेही एक नळ फुटला, कोणी बोअर मारताना त्याला छिद्र पाडलं, की इथे भिंतीवरचं पाणी खाली येतं. मग मुलांना दाखवायला काही उरत नाही.

दुष्काळी उन्हाळ्यांत हा हौद कोरडा पडलेला आपण पाहिला आहे. सहलीच्या बसमधून उतरलेली मुलं रिकाम्या हौदाकडे पाहून परत गेली. "पाऊसच नाही, काय करणार," असं आपण म्हटलं. पाऊस कमी होता हे खरं. पण जो थोडाफार पडला, त्याचं पाणी वाटेत कुठे गेलं, हे आपण विचारलं नाही. आता विचारा. ती वाट पायी चालून पाहा.

तुमच्या घरातल्या पाण्याचा हिशोब मांडून पाहा. नळाला पाणी कधी येतं? चार-पाच दिवसांनी? आठवड्याने? उन्हाळ्यात त्याहून उशिरा? मध्यरात्री पाणी येणार म्हणून घरातली कोणती बाई जागी राहते? सासू की सून? गच्चीवरच्या टाक्या, जिन्याखालचे ड्रम, मोरीतल्या घागरी, फ्रिजमागचे कॅन, सगळं भरून ठेवायचं. मुलाची परीक्षा असो की घरात आजारी माणूस असो, पाण्याची रात्र चुकवता येत नाही. टँकरचे पैसे निराळेच. आपलं पाणी जिथून येतं ते पैठणचं जायकवाडी धरण आपल्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. पन्नासएक किलोमीटरवरून पाणी उपसून, पंप लावून वर चढवावं लागतं. वीज गेली की पंप थांबतो आणि वेळापत्रक एक दिवस पुढे जातं. नवी जलवाहिनी पूर्ण झाली तरी तिला वीज लागणारच.

नहरी संपूर्ण शहराची तहान भागवतील, असं मी म्हणत नाही. तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शहर आता कैक पटींनी मोठं झालं आहे. नहरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊही नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. पण बागांना, बांधकामांना, रस्ते धुवायला, संडास-बाथरूमला, दवाखान्याच्या आवाराला, विहिरी भरायला ते पाणी चालेल. तेवढंच प्यायचं पाणी वाचेल. एका मोहल्ल्याची एक विहीर उन्हाळाभर टिकली, तर त्या मोहल्ल्यातल्या किती बायकांची रात्रीची झोप वाचेल, याचा विचार करा. आणि पुढे कधी एखाद्या वर्षी पंपच बंद पडले, तर उताराने आपोआप येणारं पाणी हाताशी असलेलं बरं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. लातूर आपल्याच मराठवाड्यात आहे.

नहर बेवारस ठेवली तर ती घातकही होते. तिची उघडी तोंडं झाकणाविना पडून आहेत. तिथे मुलं खेळतात. कुठे सांडपाणी नहरीत सोडलेलं आहे. ते पाणी पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरतं, आणि त्या घरात कोणाला तरी कावीळ होते. पोकळीवर नकळत बांधलेल्या भिंतीला तडे जातात. घरमालक गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला. खाली काय आहे ते पाहायला कोणी उतरत नाही. म्हणजे प्रश्न दगडविटांपुरता राहिलेला नाही. तुमच्या घरातल्या माणसांच्या जिवाशी तो भिडलेला आहे.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आज संध्याकाळीच बसा. आजी असेल, शेजारचे चाचा असतील, मशिदीचे किंवा देवळाचे जुने व्यवस्थापक असतील, पूर्वी नगरपालिकेत नळकामाला असलेले कोणी असतील. त्यांना विचारा. लहानपणी पाणी कुठून आणायचात? हौद कुठे होता? त्यात पाणी कुठल्या बाजूने पडायचं? कोणत्या महिन्यात कमी व्हायचं? गाळ कोण काढायचं? फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मधे बोलू नका, त्यांना बोलू द्या. त्यांचं बोलणं विषय सोडून लग्नावर जाईल, निजामाच्या काळावर जाईल, बहात्तरच्या दुष्काळावर जाईल. जाऊ द्या. त्यातच एखादं वाक्य असं येतं की आमच्या पडवीखालून पाण्याचा आवाज यायचा. ते वाक्य म्हणजे पुरावा आहे. ही माणसं कायम राहणार नाहीत. नहरीची वाट डोक्यात असलेली ही शेवटची पिढी आहे, आणि ती दरवर्षी कमी होते आहे. हे लिहिताना माझा हात थरथरतो, कारण ज्यांना विचारायचं राहून जातं ते पुन्हा भेटत नाहीत.

मग घरातले जुने अल्बम काढा. या शहरात असं घर विरळा, ज्यात पाणचक्कीच्या हौदाकाठी काढलेला एखादा फोटो नाही. साखरपुड्यानंतरचा असेल, मुंबईहून पाहुणे आले तेव्हाचा असेल, शाळेच्या सहलीचा असेल. माणसांच्या मागे पाहा. हौदात पाणी किती आहे? भिंतीवरून धार पडते आहे का? मागे डोंगर उघडा दिसतो की इमारती दिसतात? फोटोच्या पाठीवर बहुधा तारीख असते. अशा शंभर घरांचे शंभर फोटो तारखेने लावले, तर पाणी कोणत्या वर्षापासून घटलं ते डोळ्यांना दिसेल. कुठल्याही कार्यालयात अशी नोंद मिळणार नाही. ती तुमच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेली आहे. फोटो द्यायचा नसेल तर देऊ नका. त्याचा फोनवर स्पष्ट फोटो काढा आणि मागची तारीखही टिपा.

आता गल्लीत या. खोदकाम दिसलं तर थांबा. दोन मिनिटं डोकावून पाहा. पांढरट चुन्याचा थर, एका ओळीत घडीव दगड, पातळ जुन्या विटा, गोल खापराचे तुकडे, किंवा कोरड्या मातीत अचानक आलेली स्वच्छ पाण्याची धार, यांतलं काहीही दिसलं तर ती नहर असू शकते. मागे एका चराजवळच्या ढिगाऱ्यात मला खापरी नळाचा तुकडा सापडला होता. लांबी वीतभर. एका टोकाला निमुळता, म्हणजे तो पुढच्या नळात बसत असणार. बाहेर चुन्याचं जाड लिंपण, अजून इतकं घट्ट की नखाने टवका निघेना. आत पाण्याने साठवलेला करडा-पांढरा थर, एकावर एक, कित्येक वर्षांचा. खापर नव्या जेसीबीच्या दाताने फुटलं होतं. कडा ताज्या लाल होत्या. त्या लाल कडा पाहून मला जे वाटलं, ते तुम्हालाही वाटेल याची मला खात्री आहे.

असा तुकडा दिसला तर उचलून घरी नेऊ नका. जागेवरच फोटो काढा. एक लांबून, आजूबाजूची घरं दिसतील असा. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून. फोनमधलं ठिकाण टिपा. कोणाच्या घराच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलांवर, हे लिहा. वाहिनी कोणत्या दिशेने जाते ते लिहा. जमिनीपासून किती खोल ते लिहा. तारीख टाका. जमेल तसा नकाशा हाताने काढा. वेडावाकडा चालेल. मालकाच्या परवानगीने काढा, त्याला विश्वासात घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, आत उतरू नका. मुलांना उतरू देऊ नका. बंद बोगद्यात विषारी हवा असते, वरचा दगड सैल असतो, पाणी अचानक वाढतं. आतलं काम जाणकारांचं आहे, दोर आणि उपकरणं असलेल्यांचं आहे. तुमचं काम वरून सुरू होतं आणि वरच संपतं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

जेसीबी चालवणाऱ्या दादांनो, बोअर मारणाऱ्या मंडळींनो, गवंडीकाम करणाऱ्या मामांनो, प्लंबर भावांनो, हे आवाहन सगळ्यांत आधी तुमच्यासाठी आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर जे शोधलं ते तुम्ही एका दिवसात पाहता. आवाज पोकळ आला, दात घसरला, चुना दिसला, तर हात थांबवा. अर्धा तास थांबवा. फोटो काढू द्या. ठेकेदाराला सांगा. तुम्ही सांगितलंत म्हणून कोणी तुमची मजुरी कापणार नाही, याची काळजी आम्ही बाकीच्यांनी घ्यायची आहे. मोहल्ल्यातल्या लोकांनो, ऐका. अशा वेळी त्या माणसाच्या पाठीशी उभे राहा. त्याला चहा द्या, त्याच्या ठेकेदाराशी तुम्ही बोला.

घर बांधणाऱ्यांनो, पाया घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. बोअरची जागा ठरवण्याआधी विचारा. नहरीवर बोअर घेतलात तर सुरुवातीला पाणी मिळेल, मग तुमचंही जाऊ शकतं आणि खालच्या घरांचंही. संडासाचा पाइप नहरीत सोडलेला असेल तर या महिन्यात तो काढून ड्रेनेजला जोडा. तुम्ही मुद्दाम केलं नसेल. आधीच्या मालकाने केलं असेल. पण आता तुम्हाला ठाऊक आहे.

कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. प्राचीन स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे, पुरातत्त्व खातं आहे, नहरींचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंतही गेला आहे. पण माझं मत असं की कायद्याची नजर उभ्या वास्तूवर पटकन पडते. दरवाजा दिसतो, मकबरा दिसतो, मनोरा दिसतो. त्याभोवती तारेचं कुंपण घालता येतं. नहर ही वास्तू नाही, रेष आहे. ती शेतांखालून, प्लॉटांखालून, रस्त्याखालून, कोणाच्या तरी स्वयंपाकघराखालून कित्येक किलोमीटर जाते. तिचं एक टोक जपून मधला भाग तुटला तर काहीच जपलं नाही असं होतं. तेव्हा ती रेष विकास आराखड्याच्या नकाशावर उमटली पाहिजे. बांधकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर ती दिसली पाहिजे. जमिनीत न खोदता आतली पोकळी दाखवणारं रडार आता आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे माणसं आहेत, विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय बेगमपुऱ्याला लागूनच आहे. पण रडार कुठे फिरवायचं, हे तुमच्या नोंदींनीच सांगायचं. साऱ्या शहरभर कोणी ते फिरवणार नाही.

शिक्षकांनो, या वर्षीचा प्रकल्प हाच घ्या. पाठ्यपुस्तकातल्या धरणांची चित्रं चिकटवण्यापेक्षा मुलांना आपापल्या गल्लीतल्या हौदांची यादी करू द्या. आठवीतली मुलगी आजीला प्रश्न विचारते तेव्हा आजी जे सांगते, ते कोणा अधिकाऱ्याला सांगत नाही. उर्दू, फारसी वाचू शकणाऱ्यांनो, तुमची फार गरज आहे. जुन्या सनदा, वक्फची कागदपत्रं, घरांचे व्यवहार यांत पाण्याच्या हक्काच्या नोंदी असतात. मोडी वाचणाऱ्यांनो, तुमचीही. कागदाला वाळवी लागायच्या आत बसा आणि एकमेकांना वाचून दाखवा. नहर ज्यांच्या दारावरून गेली ते सगळे तिचं पाणी प्यायले. तिच्या नोंदी करतानाही सगळेच लागतील.

पुण्या-मुंबईत, दुबईत, अमेरिकेत गेलेल्या आमच्या मुलांनो, तुम्हीही यात आहात. जुन्या घराच्या आठवणी लिहून पाठवा. वाडा विकायला काढला असेल तर विकण्याआधी त्याच्या हौदाचे आणि विहिरीचे फोटो काढून ठेवा. घेणाऱ्याला सांगा की खाली काय आहे.

हे होणार नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला खाम नदी दाखवा. नाला म्हणून जिच्याकडे पाठ फिरवली होती, तिच्या काठावरचा कचरा काढायला या शहरातले लोक आणि महापालिका एकत्र आले. काठ मोकळे झाले, झाडं लागली, माणसं संध्याकाळी फिरायला येऊ लागली. शेजारी पाहा. बिदरला नौबादच्या करेजमधला, म्हणजे तिथल्या भुयारी नहरीतला, गाळ उपसला आणि आत पाणी मिळालं. खानदेशच्या वेशीवर बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमाराचा कुंडी भंडारा आजही पाणी देतो, लोक खाली उतरून तो बघतात. त्या गावांनी जे केलं त्यात आपल्याला न जमण्यासारखं काहीही नाही.

पण थांबू नका. उन्हाळा सरेपर्यंत जमीन कोरडी असते, नहरीची तोंडं दिसतात, उतरलेल्या विहिरीत नळाचं भोक दिसतं. पावसाळा लागला की गवत माजतं, चिखल होतो, आणि पावसाळ्यानंतर बांधकामांचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्याआधीचे जे दिवस आहेत ते आपले आहेत.

येत्या रविवारी सकाळी सातला घरातून बाहेर पडा. सोबत एक शेजारी घ्या, एक मूल घ्या, एक वही घ्या. आपल्या मोहल्ल्यातल्या सगळ्या जुन्या विहिरी, हौद, बंद पडलेली झाकणं, पाण्याचे पडके मनोरे यांची यादी करा. दुपारी ती यादी स्वच्छ अक्षरात तीन प्रतींत लिहा. एक प्रत घरी ठेवा. एक जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात द्या. तिसरी सोमवारी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात न्या, आणि सोबत साधं पत्र जोडा: आमच्या भागातून नहर जाते, तिची ही ठिकाणं आहेत, ती विकास आराखड्यात दाखवावीत, उघड्या तोंडांना झाकणं बसवावीत आणि इथे खोदकामाला परवानगी देण्याआधी पाहणी करावी. खाली नावं आणि सह्या. दहा असल्या तरी चालतील. पत्राची पोहोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख टाकून घ्या. आठ दिवसांत कोणी पाहायला आलं नाही, तर ती पोहोच हातात घेऊन पुन्हा जा, आणि या वेळी शेजारच्या दोन मोहल्ल्यांना बरोबर न्या.